भिंतीआडचा हिशेब

रोजच्या दुधाचा, वाण्याच्या यादीचा आणि इस्तरीस दिलेल्या कपड्यांचा हिशेब बिनचूक ठेवणारीं घरें आपल्यांत कांहीं थोडीं नाहींत. अशा घरांत महिन्याचें विजेचें बिल आलें म्हणजे मात्र एक चमत्कारिक शांतता पसरते. कर्ते पुरुष आंकडा पाहून भुवया उंचावतात. कोणी तरी ‘पंखे फार चालतात’ असें म्हणतो. सासूबाई गीझरकडे बोट दाखवितात, तर सूनबाई देवघरांत रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यांच्या माळेकडे. आणि अखेरीस बिल भरून तो विषय मिटविला जातो. ज्या घरांत चार पदवीधर आहेत, आणि त्यांतील निदान दोघांनीं शाळेंत ओहमचा नियम पाठ करून गुण मिळविले आहेत, त्या घरांत असें व्हावें याचें आम्हांस नवल वाटतें. पैशांची गोष्ट एक वेळ सोडून देऊं. परंतु हेंच गणित न केल्यामुळें भिंतींतील तार तापते, प्लग करपतो, आणि क्वचित् प्रसंगीं माणूसहि दगावतो. यास्तव तें गणित वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यास एक भागाकार व एक गुणाकार यांपलीकडे फारसें कांहीं लागत नाहीं.

विजेच्या गणितांत तीन शब्द वारंवार येतात: दाब, प्रवाह आणि रोध. ते समजण्यास पाण्याचें उदाहरण सोयीचें पडतें, आणि आपणां महाराष्ट्रीयांस तें दूर शोधावयास नको. लोणावळ्याच्या परिसरांत घाटमाथ्यावर तलाव बांधून त्यांतील पाणी नळांवाटे खालीं खोपोलीस उतरवावयाचें, त्यावर यंत्रें फिरवावयाचीं आणि तेथील वीज मुंबईस न्यावयाची, ही टाटांची योजना १९१५ सालीं सिद्धीस गेली. तेथील नळाचा विचार करा. तलाव जितका उंचावर, तितका खालच्या तोंडाशीं पाण्याचा दाब अधिक. विजेच्या अंगींहि असाच दाब असतो. तो व्होल्टांत मोजतात. नळाच्या तोंडांतून एका सेकंदांत किती पाणी बाहेर पडतें, तो प्रवाह. विजेच्या बाबतींत तो अँपिअरांत मोजतात. आणि नळ अरुंद, लांब किंवा आंतून गंजलेला असेल तर दाब तोच असूनहि पाणी कमी येतें. त्या अडथळ्यास विजेच्या शास्त्रांत रोध म्हणतात व तो ओहममध्यें मोजतात. उपमा येथवरच ताणावी हें बरें. फुटक्या नळांतून पाणी आपोआप गळतें. तुटक्या तारेंतून वीज गळत नाहीं, कोणाचा तरी हात लागण्याची ती वाट पाहत असते.

आतां नियम असा: दाबास प्रवाहानें भागलें कीं रोध मिळतो, आणि दाबास प्रवाहानें गुणलें कीं शक्ति मिळते. शक्ति म्हणजे दर सेकंदास वीज किती काम करते किंवा किती उष्णता उत्पन्न करते, त्याचें माप. तें वॅटमध्यें सांगतात. एक हजार वॅटचें उपकरण एक तास चाललें म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. वॅट आणि युनिट यांचा घोटाळा सुशिक्षितांच्याहि बोलण्यांत नेहमी होतो. वॅट हा वेग आहे, युनिट हें तोडलेलें अंतर आहे, इतकें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरें.

आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट ठरलेला आहे. न्हाणीघरांतील गीझरच्या अंगावर एक लहानशी पाटी चिकटविलेली असते. तीवर बहुधा ‘२३० व्होल्ट, २००० वॅट’ असें आढळेल. गुणाकार उलटा करून २००० ला २३० नें भागलें कीं प्रवाह आला: सुमारें ८.७ अँपिअर. पुन्हां २३० ला ८.७ नें भागलें कीं गीझरच्या आंतील तापणाऱ्या कांडीचा रोध आला: सुमारें २६.४ ओहम. हजार वॅटची इस्तरी असेल तर प्रवाह ४.३५ अँपिअर व रोध ५३ ओहम. जुन्या पद्धतीचा साठ वॅटचा तारेचा दिवा असेल तर प्रवाह अवघा पाव अँपिअर आणि रोध ८८० ओहमच्या वर. हे तीन आंकडे शेजारीं मांडून पाहिले म्हणजे एक प्रचलित समज खोटा ठरतो. ‘गीझर एवढा तापतो, तेव्हां त्याचा रोध फार मोठा असला पाहिजे,’ असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः घरांत सर्व उपकरणांस एकच दाब मिळत असल्यामुळें, ज्याचा रोध सर्वांत कमी तोच सर्वांत अधिक वीज ओढतो व सर्वांत अधिक तापतो. परंतु याच्या नेमकी उलट स्थिति जेथें होते, तेथेंच धोका दडलेला असतो. त्याकडे आपण लौकरच वळूं.

हा भागाकार आज शाळकरी मुलास येतो. पण ज्यानें तो जगास शिकविला त्याचें पुष्कळसें आयुष्य त्यापायीं कष्टांत गेलें. जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म १७८९ सालीं जर्मनींतील एर्लांगेन येथें झाला. बाप कुलपें बनविणारा कारागीर. परंतु त्यानें स्वतःच्या हिमतीवर गणिताचा अभ्यास केला होता व तो त्यानें आपल्या मुलांसहि शिकविला. पुढें कोलोन येथील शाळेंत मास्तरकी करीत असतां ओहमनें तारांचे प्रयोग आरंभिले. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब क्षणोक्षणीं बदले. त्यामुळें १८२५ सालीं त्यानें प्रथम जें सूत्र प्रसिद्ध केलें तें चुकीचें निघालें. मग त्यानें निराळीच युक्ति योजिली. बिस्मथ व तांबें या दोन धातूंच्या जोडांपैकीं एक उकळत्या पाण्यांत व दुसरा वितळत्या बर्फांत ठेविला कीं त्यांतून मंद पण अत्यंत स्थिर असा विजेचा प्रवाह वाहतो. उकळतें पाणी व बर्फ यांचें तापमान बदलत नाहीं, म्हणून दाबहि बदलत नाहीं. अशा रीतीनें दाब कायम ठेवून त्यानें एकाच जाडीच्या पण निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा मध्यें जोडल्या आणि चुंबकाची सुई किती वळते तें टिपून घेतलें. तार जितकी लांब तितका प्रवाह कमी, आणि तोहि ठराविक हिशेबानें. १८२७ सालीं त्याचा ग्रंथ बाहेर पडला. ज्या व्होल्टाच्या नांवानें आपण दाब मोजतों, तो याच वर्षीं निवर्तला.

ग्रंथाचें स्वागत मात्र थंड झालें. ओहमनें कोलोनची नोकरी सोडली. पुढें १८३३ सालीं न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेंत त्यास जागा मिळेपर्यंत त्याचे दिवस किरकोळ शिकविण्यावर गेले. स्वदेशीयांच्या आधीं परकीयांनींच त्याची चहा केली: लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्यास आपलें कॉप्ले पदक दिलें. म्यूनिच येथें प्राध्यापकाचें पूर्ण पद त्यास १८५२ सालीं लाभलें आणि १८५४ सालीं तो वारला. याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, हाच नियम इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश या अबोल शास्त्रज्ञास १७८१ सालींच गवसला होता. प्रवाह मोजण्याचें साधन तेव्हां नव्हतें. म्हणून त्यानें खारट पाण्यानें भरलेल्या कांचेच्या नळ्यांतून वीज सोडून ती स्वतःच्याच अंगांतून जाऊं दिली, आणि कोणता धक्का कोणत्याच्या बरोबरीचा हें ताडून पाहिलें! हें सारें त्यानें कागदांत गुंडाळून ठेविलें. मॅक्सवेलनें ते कागद १८७९ सालीं छापले, तोंवर ओहमला जाऊन पंचवीस वर्षें लोटलीं होतीं.

शक्तीच्या मापास जेम्स वॅटचें नांव आहे, पण त्याचा विजेशीं संबंध नव्हता. तो वाफेच्या यंत्राचा सुधारक. १८८२ सालीं विल्यम सीमेन्सनें तें नांव सुचविलें. विजेच्या उष्णतेचा नियम खरा शोधला तो मँचेस्टरकडच्या जेम्स जूल यानें. दारू गाळणाऱ्या धनिक कुटुंबांतील या तरुणानें १८४० च्या सुमारास पाण्यांत तारेचीं वेटोळीं बुडवून व उष्णतामापक लावून असें दाखविलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता ही रोध आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणांत असते. प्रवाह दुप्पट झाला कीं उष्णता चौपट, तिप्पट झाला कीं नऊपट. खोपोलीची वीज मुंबईस मोठ्या दाबानें आणण्याचें कारणहि हेंच. दाब दहापट केला कीं तितकीच शक्ति पोंचविण्यास प्रवाह एकदशांश पुरतो, आणि वाटेंतील तारांत फुकट जाणारी उष्णता शंभरांश उरते.

हा ‘वर्ग’ घरांत कसा अनुभवास येतो तें पाहूं. पुष्कळ गांवीं संध्याकाळीं दाब उतरतो. समजा, २३० चा १८० व्होल्ट झाला. दाब सुमारें एकपंचमांश उतरला, तेव्हां गीझरची शक्तिहि एकपंचमांशच कमी होईल, असें मन सांगतें. परंतु गीझरच्या कांडीचा रोध तोच, म्हणजे २६.४५ ओहम राहतो. त्यामुळें प्रवाहहि त्याच प्रमाणांत उतरून ६.८ अँपिअरवर येतो. आणि १८० × ६.८ म्हणजे अवघे १२२५ वॅट. सुमारें दोनपंचमांश शक्ति गेली! पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास जेथें १८ मिनिटें लागत, तेथें आतां ३० मिनिटें लागतील. युनिटें मात्र दोन्हीं वेळां जवळजवळ सारखींच, म्हणजे सुमारें ०.६ पडतील. ‘गीझर जुना झाला, बदला’ असा आग्रह धरण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं एकदां दाब पाहावा, हें उत्तम.

आतां त्या दडलेल्या धोक्याकडे वळूं. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत लहानमोठीं तेरा माणसें आहेत. नरकचतुर्दशीच्या पहाटे चार वाजल्यापासून अभ्यंगस्नानें सुरू झालीं, आणि गीझर तीन तास जवळजवळ अखंड चालला. सात वाजण्याच्या सुमारास घरांतील आजींस उटण्याच्या व उदबत्तीच्या वासांत कांहीं निराळा, जळक्या बॅकेलाइटसारखा वास आला. त्यांनीं सांगितलें तेव्हां कोणीं लक्ष दिलें नाहीं. फराळाची घाई होती. शेवटीं त्यांच्याच आग्रहावरून बटण बंद करून प्लग पाहिला, तों त्याचें एक टोंक निळेंकाळें पडलेलें, आणि भिंतीवरील सॉकेटाचें भोंक वितळून वेडेंवांकडें झालेलें. घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न असा कीं, ‘मग फ्यूज कां गेला नाहीं?’ नव्या पद्धतीचें, आपोआप पडणारें बटणहि त्या घरांत होतें; तेंहि जागचें हललें नव्हतें.

या प्रश्नाचें उत्तर आपल्या भागाकार-गुणाकारांतच आहे. प्लगचें टोंक सॉकेटांत घट्ट बसलें असतां त्या जोडाचा रोध नगण्य असतो. स्प्रिंग सैल झाली, टोंकावर काळी पुटें चढलीं, किंवा आंतील स्क्रू ढिला झाला, म्हणजे तेथें थोडा रोध उत्पन्न होतो. समजा, तो अर्धा ओहम आहे. गीझरचे २६.४५ आणि हा अर्धा मिळून २६.९५ ओहम झाले. २३० ला २६.९५ नें भागलें कीं प्रवाह ८.५३ अँपिअर येतो. म्हणजे पूर्वींच्या ८.७ पेक्षां कमीच! फ्यूज किंवा आपोआप पडणारें बटण प्रवाह वाढला तर जागें होतें; येथें तो उतरला आहे, तेव्हां त्यानें जागें व्हावें तरी कसें? गीझरलाहि जवळजवळ पुरा दाब मिळतो, म्हणून पाणी नेहमीप्रमाणेंच तापतें. बिलांतहि कांहीं वाढ दिसत नाहीं. परंतु त्या सैल जोडांत किती उष्णता जन्मास येते तें पाहा: ८.५३ चा वर्ग सुमारें ७२.८, त्याची निम्मी ३६ वॅट. डाख लावण्याची पंचवीस वॅटची कांडी धातु वितळविते. येथें तीहून अधिक उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेंत, बंद डबीमध्यें, तीन तास कोंडलेली आहे. शिवाय त्या उष्णतेनें पितळ अधिक काळें पडतें, स्प्रिंग अधिक सैल होते, रोध वाढत जातो. तो एक ओहम झाला कीं उष्णता ७० वॅटवर जाते, आणि प्रवाह आणखी थोडा उतरून ८.४ अँपिअर होतो.

वर आम्हीं ज्या उलट स्थितीचा उल्लेख केला ती हीच. शेजारीं शेजारीं लावलेल्या उपकरणांत दाब सारखा असतो, म्हणून कमी रोधाचें उपकरण अधिक तापतें. एकामागें एक जोडलेल्या वस्तूंत मात्र प्रवाह सारखा असतो, आणि तेथें ज्या ठिकाणीं रोध अधिक त्या ठिकाणीं उष्णता अधिक. तार, स्क्रू, प्लग, सॉकेट, बटण हीं सर्व एकाच ओळींतलीं मंडळी आहेत; त्यांपैकीं ज्याच्या ठायीं रोध शिरला त्याची धडगत नाहीं. अशा वेळीं फ्यूजपेक्षां आजींचें नाक अधिक विश्वासू ठरतें. गीझर अर्धा तास चालल्यावर बटण बंद करावें, प्लगच्या बाहेरील आवरणास कोरड्या हाताचा मागचा भाग लावून पाहावा. तें कोमटापलीकडे गरम लागलें तर त्या दिवशींच तंत्र्यास बोलावून सॉकेट बदलून घ्यावें. टोंकें कागदानें घासून, प्लग हलवून बसवून ‘चालतें आहे’ म्हणून सोडून देणें, हा आमच्या मतें शुद्ध अविचार होय.

सॉकेटाच्या आकाराचाहि यांत संबंध आहे. आपल्याकडे लहान सॉकेट ६ अँपिअरचें व मोठें १६ अँपिअरचें असतें. २३० नें गुणिलें कीं लहानाची मर्यादा १३८० वॅट व मोठ्याची ३६८० वॅट निघते. इस्तरी लहानावर चालेल. गीझर, हीटर, विजेची शेगडी यांस मोठेंच पाहिजे. मोठ्या प्लगचा लहान सॉकेटाशीं संयोग करून देणारीं जीं जोडसाधनें बाजारांत मिळतात, तीं कितीहि सोयीचीं वाटलीं तरी अशा कामीं घरांत नसावीं हें बरें.

तारेचा हिशेब निराळा, पण नियम तोच. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध शंभर मीटरांस सुमारें १.८ ओहम असतो. वाड्याच्या दर्शनी भागांत मीटर आणि मागच्या चौकांत न्हाणीघर, असें वीस मीटर अंतर धरलें तर जातीयेती मिळून चाळीस मीटर तार झाली. तिचा रोध ०.७२ ओहम. ८.७ अँपिअरनें तींत सुमारें ५५ वॅट उष्णता होते. आंकडा प्लगच्या ३६ वॅटहून मोठा; तरी भीति कमी, कारण ती चाळीस मीटरांवर विखुरली आहे; दर मीटरास दीड वॅटहि नाहीं. पण त्याच तारेवर कोणीं दुसरा तसलाच हीटर जोडला तर प्रवाह दुप्पट होऊन उष्णता चौपट, म्हणजे दोनशें वॅटच्या वर जाते. जुन्या वाड्यांतील लांकडी पट्ट्यांखालच्या तारांचें रबर वाळून भेगाळलेलें असतें. त्यास ही आंच सोसत नाहीं. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार गुंडाळून ठेवण्याची एक जुनी खोड आपल्यांत आहे. तिचा अर्थ इतकाच कीं, आतां फ्यूजच्या आधीं भिंतींतील तार जळेल. गुंडाळीच्या लांब एक्स्टेन्शन तारेबद्दलहि एक शब्द: ती पुरी उलगडल्यावांचून तीवर हीटर लावूं नये, कारण विखुरणारी उष्णता गुंडाळींत एकत्र कोंडते.

माणसाच्या देहालाहि रोध असतो. कोरड्या त्वचेचा तो पुष्कळ, पण ओल्या अंगाचा हजार-दीड हजार ओहमपर्यंत खालीं येऊं शकतो. २३० ला हजारानें भागलें तर प्रवाह ०.२३ अँपिअर. सोळा अँपिअरवर पडणाऱ्या बटणास हा प्रवाह म्हणजे कांहींच नव्हे. माणसाच्या हृदयास मात्र तो प्राणघातक ठरूं शकतो. फ्यूज तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे, हें घरांतील प्रत्येकास ठाऊक असावें. माणसासाठीं निराळें साधन असतें: गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांची तुलना करून ०.०३ अँपिअरचा फरक पडतांच वीज तोडणारें. त्यास आर. सी. सी. बी. म्हणतात. ज्यांच्या न्हाणीघरांत गीझर आहे त्यांनीं तें बसवून घ्यावें, आणि अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत पोंचली आहे कीं नुसती शोभेस आहे, तेंहि तपासून घ्यावें.

येथवरचा हिशेब गीझर, इस्तरी, शेगडी अशा तापणाऱ्या उपकरणांस बिनधोक लागू पडतो. इतरत्र थोडी सावधगिरी हवी. जुन्या तारेच्या दिव्याचा रोध थंड असतां मीटरनें मोजला तर साठ-सत्तर ओहमच भरतो. त्यावरून शक्ति काढूं गेल्यास साठ वॅटच्या दिव्यास आठशें वॅट येतात! याचें कारण असें कीं, दिवा पेटल्यावर आंतील टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तिचा रोध बारा-चौदापट होतो. म्हणून रोध काढावयाचा तो उपकरण चालू असतांना मिळालेल्या दाब-प्रवाहांवरून. पंखे, पंप, शीतकपाट यांत दुसरीच अडचण येते. घरांतील वीज सेकंदास पन्नास वेळां आंदोलन करते, आणि मोटारींत प्रवाहाचें आंदोलन दाबाच्या थोडें मागें पडतें. दोघांचे हात एकाच वेळीं दोरीस न लागले तर ओढण्याचें बळ वायां जातें, त्यांतलाच हा प्रकार. त्यामुळें व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षां मोठा येतो. संगणक आणि नवे एल. ई. डी. दिवे यांची तऱ्हा आणखीच वेगळी. त्यांच्या आंतील यंत्रणा शक्ति कायम ठेवण्याचा प्रयत्न करते, म्हणून दाब उतरला तर कित्येक वेळां त्यांचा प्रवाह वाढतो. त्यांचा ‘रोध’ काढण्यांत हंशील नाहीं. पाटीवरील वॅट वाचावे व पुढें जावें.

दाब आणि प्रवाह हे दोन आंकडे मिळवावयाचे कसे, असा प्रश्न येईल. कित्येक नव्या डिजिटल मीटरांच्या पडद्यावर ते आळीपाळीनें दिसतात. विजेच्या तंत्र्याकडे चिमट्यासारखा मीटर असतो. तो एकाच तारेभोंवतीं अडकविला कीं तार न तोडतां प्रवाह कळतो. हें काम त्याच्याकडूनच करवून घ्यावें, मुलांच्या हातीं देऊं नये. मुलांसाठीं याहून निर्धोक असा एक प्रयोग आहे, आणि तो सुटीच्या दिवशीं घरच्या सर्वांनीं मिळून करण्याजोगा आहे. मीटरावर एक तांबडा ठिपका लुकलुकत असतो, आणि एका युनिटास तो किती वेळां लुकलुकतो तो आंकडा मीटरावरच छापलेला असतो. समजा तो १६०० आहे. घरांतील सर्व दिवे, पंखे, शीतकपाट बंद करून फक्त २००० वॅटचा गीझर थंड पाण्यासह चालू करावा. एकानें घड्याळ धरावें, एकानें ठिपका मोजावा. एका मिनिटांत दोन हजार वॅट म्हणजे युनिटाचा तिसावा भाग. तेव्हां ५३ लुकलुक भरल्या पाहिजेत. त्या ४५ च भरल्या तर गीझर १६८७ वॅटच ओढतो आहे असें झालें. पाटीवरून काढलेला त्याचा रोध २६.४५ ओहम, शक्तीस रोधानें गुणलें कीं दाबाचा वर्ग येतो, तो सुमारें ४४,६०० होतो. त्याचें वर्गमूळ २११. मीटरास हातहि न लावतां, त्या वेळीं घरांत विजेचा दाब २११ व्होल्ट होता, हें मुलांना सांगतां येईल.